येळवशीचं रान

लातूर जिल्ह्यात वर्षातून एक दिवस असा येतो, की त्या दिवशी दुपारी बारा वाजता निलंग्याच्या बाजारपेठेत उभं राहिलं तर चहासुद्धा मिळायची मारामार. दुकानांची शटरं खाली, रिक्षा जागेवर नाहीत, रस्त्यावर चिटपाखरू नाही. नव्याने बदलून आलेल्या साहेबाला वाटतं, बंद पुकारलाय की काय! काही पुकारलेलं नसतं. गाव रानात जेवायला गेलेलं असतं. मार्गशीर्षातली ही अमावस्या. पंचांग वाचणारे तिला दर्श वेळ अमावस्या म्हणतात, वर्तमानपत्रं वेळ अमावस्या छापतात आणि आमच्या तोंडी ती येळवस. जिल्हाधिकारी या दिवसाची स्थानिक सुट्टी जाहीर करतात. न करून सांगतात कोणाला? ऑफिसात यायला माणूस तर हवा!

बँकेच्या नोकरीत बदल्या चुकत नाहीत. कोकणात आणि विदर्भात असताना या एका दिवसाच्या रजेसाठी मला दरवर्षी नव्या साहेबाला नव्याने समजावून सांगावं लागे. "अहो, अमावस्येला कसला सण?" हा प्रश्न ठरलेला. दिवाळीचं लक्ष्मीपूजन कोणत्या तिथीला असतं, हे माझं उत्तरही ठरलेलं. पण खरी अडचण वेगळी होती. हा सण देवळात नाही, घरातही नाही. उभ्या पिकात बसून जेवणं हाच सण, हे बाहेरच्या माणसाच्या पटकन गळी उतरत नाही.

नावाचं मूळ शोधायला लांब जायला नको. निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत ते इकडे आले. सीमा कागदावर सरकली, चूल काही सरकली नाही. कर्नाटकात याच दिवसाला एळ्ळ अमावास्ये म्हणतात. कानडीत 'एळ्ळु' म्हणजे तीळ आणि 'एळु' म्हणजे सात. त्यामुळे कोणी ही तिळाची अमावस्या मानतो, तर कोणी सातवी. आमच्या आजीला या वादात रस नव्हता. तिचं म्हणणं एवढंच, की तूर भरली, बोरं पिकली आणि ज्वारी पोटऱ्यात आली की येळवस आली.

तसं पाहिलं तर आजीचं पंचांगच जास्त खरं. तिथी चांद्रमासाची, पीक सूर्याचं. दोघांचा मेळ दरवर्षी सारखा बसत नाही. २०२४ या एका सालात येळवस दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. २०२५ ची १९ डिसेंबरला. जानेवारीत आली तर हरभऱ्याला घाटे असतात आणि भज्जीत ओले हरभरे पडतात. डिसेंबरात आली तर हरभरा फुलावर. मग त्याच्या कोवळ्या पाल्यावर भागवायचं. म्हणजे पदार्थ तोच, पण चव दर साली निराळी. हॉटेलवाल्याला हे परवडणार नाही. आमच्या गावाचं नाव लावून जो निलंगा राईस आता पुण्यातसुद्धा गाड्यांवर विकला जातो, तो बारा महिने एकाच चवीचा लागतो, आणि लागायलाच हवा. ग्राहक त्याच चवीचे पैसे देतो. भज्जीचं तसं नाही. रानात त्या आठवड्यात जे उभं असेल ते पातेल्यात उतरतं.

ही भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हे, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. तुरीचे ओले दाणे, वालाचे दाणे, वाटाणा, भिजवलेले शेंगदाणे आधी शिजायला टाकायचे. मग वांगी, गाजर, मेथी, चुका, चाकवत, कांद्याची पात. चार बोरं हवीतच. आंबटपणा त्यांचा आणि चिंचेच्या कोळाचा. हिरवी मिरची आणि लसूण ठेचून, पाट्यावर वाटलेली असेल तर उत्तम. शेवटी ताकात कालवलेलं हरभऱ्याच्या डाळीचं पीठ हळूहळू सोडत ढवळत राहायचं. हे ढवळणं मनगटाचं काम आहे. तीस माणसांची भज्जी पातेल्याला लागू न देणं हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. वरून करडईच्या तेलात लसणाची फोडणी. तिच्यासोबत बाजरीच्या पिठात तीळ घालून वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, शेंगदाणा-गुळाच्या पोळ्या. आणि अंबील: आदल्या रात्री ताकात भिजवलेलं ज्वारीचं पीठ सकाळी शिजवून पातळ करायचं, लसूण-जिरं-कोथिंबीर लावायची आणि मातीच्या बिंदग्यात भरायची. दुपारपर्यंत ती रानात आणखी आंबते. उन्हात चालून आल्यावर ती प्यायलेला माणूस झाडाखाली आडवा झाला, तर त्याला कोणी उठवत नाही.

रानात कडब्याची कोप घालतात. तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, शेजारी द्रौपदी. पूजा झाली की एकजण अंबिलीचं भांडं घेऊन पिकाच्या कडेने शिंपडत फिरतो, अर्धवट कानडी शब्दांचा घोष करत. त्या शब्दांचा अर्थ विचारायचा नसतो. मग पंगत. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारायची आणि त्याने यायचं, हा रिवाज. ज्याला गुंठाभर जमीन नाही तोही त्या दिवशी चार रानांत जेवून येतो. गावातली मुसलमान कुटुंबं येतात, शाळेचे मास्तर येतात, ज्याच्याकडे हप्ता थकला आहे अशा बँकेचा अधिकारीही येतो. मी गेलोय. त्या दिवशी थकबाकीचा विषय काढायचा नाही, एवढं दोघांनाही कळत असे.

मात्र कौतुक करताना एक गोष्ट गाळून चालणार नाही. माझ्या लहानपणी रान एक असलं तरी पंगत एक नव्हती. सालगड्याचं कुटुंब आंब्याच्या पलीकडच्या अंगाला बसायचं आणि त्यांना अंबील वरून ओतली जायची. ज्यांच्या हातांनी ते पीक उभं केलं, त्यांचं ताट शेवटी भरायचं. हे पुढे बदललं, काही ठिकाणी लवकर, काही ठिकाणी फार उशिरा.

येळवस कशावर उभी आहे ते मला १९९४ च्या जानेवारीत दिसलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून माणसं झोपली असताना, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी औसा तालुक्यातली. पण निलंग्याच्या आणि उमरग्याच्या बाजूलाही गावं भुईसपाट झाली. सुमारे दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा निलंगा तालुक्यातल्या एका शाखेत होतो. साडेतीन महिन्यांनी येळवस आली तेव्हा लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. या वर्षी कोण रानात जातंय, असं आम्ही शाखेत बोलत होतो. आमचा शिपाई, ज्याच्या घरातली दोन माणसं गेली होती, तो म्हणाला, "साहेब, रब्बी तर हुबीच हाय की रानात. तिला कुठं ठावं हाय?"

त्याच्या रानात आम्ही तिघे गेलो. त्याच्या आईने शेडबाहेर तीन दगडांच्या चुलीवर उंडे केले होते, आणि केले होते ते जुन्याच मापाने. पंगत उठली तरी टोपलीत उंडे उरले. ती काही बोलली नाही. उरलेले तिने फडक्यात बांधून आमच्या हाती दिले. आमच्यातल्या एकाने नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

पिकं बदलली ती मला रानाच्या आधी बँकेच्या रजिस्टरात दिसली. नोकरीच्या सुरुवातीला पीककर्जाच्या अर्जावर ज्वारी, तूर, मूग, उडीद, करडई अशी नावं असत. मग ऊस आला, नव्वदच्या दशकानंतर सोयाबीन वाढत गेलं, आणि निवृत्तीच्या सुमाराला तर अर्ज न वाचताच पीक सांगता येई: खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. शेतकऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत निघतं, लगेच विकलं जातं आणि त्याच पैशात पोराच्या क्लासची फी भरते. ज्वारी काढायला मजूर मिळत नाही, पाखरं राखायला पोरं घरी नाहीत. परिणाम असा, की ज्या भज्जीत रान उतरायचं, तिचा निम्मा बाजार आता आदल्या दिवशी मंडईत भरतो. कोप घालायला कडबा विकत. २०१६ च्या जानेवारीत तर सगळंच विकत होतं. त्या दुष्काळात रानात तुरीच्या काड्या उभ्या होत्या. पुढे एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. तरी लोक रानात गेले, भेगाळलेल्या जमिनीवर सतरंजी टाकून बसले. काहींना ते हास्यास्पद वाटलं. मला नाही वाटलं.

आमच्या घरची येळवस धोक्यात आली ती मात्र दुष्काळाने नव्हे. माझे थोरले बंधू गावीच शेती बघतात. आईनंतर सगळं वहिनींच्या हाती. तीन रात्री त्या जागायच्या: एक निवडण्या-सोलण्याची, एक पिठाची आणि पोळ्यांची, एक भज्जीची. आम्ही शहरातली मंडळी सकाळी दहाला गाडीतून उतरायचो, झाडाखाली बसायचो आणि "वहिनी, आईच्या हाताची चव" असं म्हणायचो. बायका सगळ्यांत शेवटी जेवायच्या, तेव्हा भज्जी गार आणि खीर संपलेली असे. २०२४ च्या जानेवारीत येळवस झाल्यावर रिकामी पातेली घासून पालथी घालताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गुडघे गेले माझे. पुढल्या साली मी काही करनार न्हाई. लातूरला ऑर्डर देऊन मिळतंय म्हनं सगळं. आणा आन् खावा."

बंधूंना वाटलं, रागावल्या आहेत. दोन दिवसांनी निवळतील. निवळल्या नाहीत. दिवाळीत पुन्हा विषय निघाला तेव्हा माझी सून म्हणाली, "काकू, ऑर्डर द्यायची असेल तर रानात कशाला जायचं? पुण्यातच मागवू की." ती सॉफ्टवेअर कंपनीत आहे; बोलते ते थेट. मग तिनेच कागद घेतला. ३० डिसेंबर सोमवारी येत होता. शनिवारी सकाळी पुण्याहून निघायचं, सात-आठ तासांत गाव. सोलणं-निवडणं शनिवारी रात्री, आणि ते पुरुषांनी. पोळ्या सून आणि माझी सौभाग्यवती. भज्जी ढवळायला मुलगा आणि पुतण्या आळीपाळीने. अंबील तेवढी वहिनींनी, तीही बाजेवर बसून, सांगून करवून घ्यायची. पोळ्या वीसच, त्याहून जास्त कोणी मागायच्या नाहीत. पुतण्याने कुरकुर केली, की पुरुषांनी सोललेल्या तुरीत अळ्या राहतील. "राहू देत," सून म्हणाली, "तुझ्याच ताटात वाढीन."

त्या शनिवारी रात्री ओसरीवर आम्ही सहाजण पसरून बसलो होतो. बंधूंनी आयुष्यात प्रथमच वालाच्या शेंगा सोलल्या; सत्तरीचा माणूस, पण नखं हिरवी झाल्याचं सगळ्यांना दाखवत होता. नातवाला तुरीच्या शेंगेत किती दाणे निघतात याची पैज लावायची होती. टीव्ही कोणी लावला नाही, कारण हात रिकामे नव्हते. बोलणं मात्र भरपूर झालं. पूर्वेकडचा दोन एकरांचा तुकडा विकायचा की ठेवायचा, हा गेली तीन वर्षं फोनवर भांडणाशिवाय न झालेला विषय तुरीच्या ढिगाभोवती शांतपणे झाला. निर्णय लागला नाही. पण पुढच्या रब्बीला त्या तुकड्यातल्या चार तासांना का होईना, ज्वारी पेरायची, एवढं बंधूंनी मान्य केलं; बियाणं मुलाने आणायचं.

सोमवारी भज्जी थोडी लागलीच. खालचा थर करपला होता. मुलगा फोनवर बोलत ढवळत होता. वहिनींना पहिल्या पंगतीत बसवलं. बसायला त्या तयार नव्हत्या, मग पाट घेऊन कडेला बसल्या, उठता यावं म्हणून. सुनेने भज्जी वाढली, उंडा कुस्करून वर तेल घातलं. वहिनींनी घास घेतला, सावकाश चावला.

"मीठ कमी हाय," म्हणाल्या. "आन् वाईच वाढ आनखी."