फोटोतली ही बाई कोण?

आजच्या गप्पा घरातल्या जुन्या फोटोंबद्दल आहेत. पत्र्याच्या ट्रंकेत, भिंतीवरच्या फ्रेमीत, रेशनकार्डाच्या पिशवीत असे फोटो बहुतेक घरांत सापडतात. ते बाहेर काढले की पुरुषांची नावं कुणी ना कुणी पटापट सांगतं. हे आजोबा, हे त्यांचे थोरले भाऊ, हे मामंजी. बायकांपाशी आलं की मात्र बोट अडतं. "ही बहुतेक थोरली काकू. आणि ही... कोण जाणे बाई!"

असं का होतं? एक तर आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती, अजूनही कुठे कुठे आहे. माहेरी जी एका नावाची, ती सासरी दुसऱ्याच नावाची. दुसरं म्हणजे घरची वंशावळ लिहिली तर तिच्यात बाप, मुलगा, नातू असे पुरुषच लिहिले गेले. आणि तिसरं कारण सगळ्यात मोठं. फोटो राहतो माहेरच्या भिंतीवर, आणि त्यातली माणसं ओळखणारी लेक जाते सासरी. घरात येते ती सून. तिने त्या आजीला पाहिलेलंच नसतं, मग ती सांगणार तरी काय? म्हणून घरातली आत्या, आत्तेआजी ही खरी माहीतगार. ती आहे तोवरच हे काम करून घ्यायला हवं. ते कसं करायचं, ते आज बघू.

आधी फोटोचा फोटो

मूळ फोटो हाताळून खराब होतो, म्हणून आधी त्याची नक्कल काढून ठेवायची. हात धुऊन कोरडे करा. फोटो कडेला धरा, चेहऱ्यावर बोटं नकोत. धूळ मऊ कोरड्या कापडाने किंवा कुंचल्याने अलगद झटका. पाणी, तेल, ओला फडका काही लावू नका. फोटोच्या कागदावर एक चिकट थर असतो, चित्र त्यातच असतं. ओल लागली की तो मऊ पडतो. फ्रेमीच्या काचेला फोटो चिकटतो तो त्यामुळेच. असा फोटो ओढून काढला की चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. तो आहे तसा काचेतूनच टिपा. चिकट पानांच्या अल्बममध्ये घट्ट बसलेल्या फोटोंचंही तेच.

मोबाइलने टिपायचं तर सकाळी किंवा संध्याकाळी दाराजवळ, सावलीत बसा. फोटो साध्या, एका रंगाच्या कापडावर सपाट ठेवा. मोबाइलची भिंग पुसून घ्या, फ्लॅश बंद करा. मोबाइल फोटोच्या बरोबर वर आडवा धरा, तिरका नको. काचेवर चमक दिसली तर मोबाइलमागे काळं कापड धरायला सांगा. आधी अख्खा फोटो कडांसकट, मग त्याची पाठ, मग एकेक चेहरा जवळून.

तालुक्याला फोटो स्टुडिओत किंवा झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून मिळतं. तिथे तीन गोष्टी सांगा. एक, लहान फोटो सहाशे डीपीआयवर करा. दोन, फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा, म्हणजे डाग आणि शाईही नीट दिसतात. तीन, पीडीएफ नको, चित्राची फाइल पेन ड्राइव्हवर द्या. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. दोन बाय तीन इंचांच्या फोटोचे सहाशेने बाराशे बाय अठराशे ठिपके होतात. त्यावरून तो दुप्पट मोठा, चार बाय सहा इंचांचा छापला तरी चेहरे स्वच्छ येतात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर फोटो लहान होऊन जातो, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

या नकलेचा एक मोठा फायदा आहे. मोतीबिंदू झालेल्या आजीला हातातला छोटा फोटो दिसत नाही. मोबाइलवर दोन बोटांनी चेहरा मोठा केला की तीच आजी पटकन ओळखते.

फोटो काय सांगतो?

आता कोडं सोडवायचं. सुरुवात फोटोच्या पाठीपासून करा. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो. पत्त्यात पिन कोड असेल तर तो शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचाच, कारण पिन कोड त्या दिवशी सुरू झाला. ‘जि. लातूर’ असेल तर ऑगस्ट १९८२ नंतरचा. त्याआधी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. ‘जि. जालना’ किंवा ‘जि. सिंधुदुर्ग’ असेल तर १ मे १९८१ नंतरचा. इथे एक सांभाळा. नवं नाव दिसलं तर ‘यानंतरचा’ हे पक्कं. पण जुनं नाव दिसलं म्हणून फोटो जुनाच, असं नाही. जुना शिक्का झिजेपर्यंत वापरणारे स्टुडिओवाले पुष्कळ.

मग समोरची बाजू. स्टुडिओतल्या वस्तूंवर फार विसंबू नका. सायकल, रेडिओ, टेलिफोन, फुलदाणी, कधी कधी मनगटावरचं घड्याळसुद्धा स्टुडिओचं असायचं. अंगावरचा दागिना जावेचा असू शकतो. रंगाचंही तसंच. काळ्या-पांढऱ्या फोटोवर हाताने रंग भरायची पद्धत होती. लुगडं हिरवं दिसतं ते रंगवणाऱ्याने हिरवं केलं म्हणून. आता मोबाइलवरची ॲप जुन्या फोटोत आपोआप रंग भरतात, फाटलेला चेहराही पुरा करतात. तेही अंदाजच असतात. हौस म्हणून करा, पण ती प्रत वेगळी ठेवा आणि तिच्यावरून माणूस ओळखू नका.

फोटो कधी उलटा छापलेला असतो, डावं ते उजवं. पाटीवरची अक्षरं बघा. आपल्याकडे नथ बहुधा डाव्या नाकपुडीत घालतात. ती उजवीकडे दिसली तर शंका घ्या. डावीकडे कोण, उजवीकडे कोण, यावरून नातं ठरवताना हे उपयोगी पडतं.

सगळ्यात भरवशाचं घड्याळ म्हणजे मांडीवरचं मूल. धाकटं मूल कोणतं दिसतंय आणि त्याच्या पाठचं अजून दिसत नाहीय, हे कळलं की फोटो त्या दोन जन्मांच्या मधला. मात्र शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी सोयीसाठी टाकलेली. तिच्यापेक्षा आजीच्या आठवणीतल्या खुणा बऱ्या. "हा फोटो बाहत्तरच्या दुष्काळाआधीचा की नंतरचा?" "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हे पोर चालत होतं का?" तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा. साल विचारलं तर आजी गप्प बसते, दुष्काळ विचारला तर बोलू लागते.

लग्नाचा फोटो असेल तर पत्रिका शोधा. तिच्यावर शक असतो. त्यात ७८ मिळवा की इंग्रजी साल येतं. शके १९०० च्या वैशाखातलं लग्न म्हणजे १९७८. माघ-फाल्गुनातलं असेल तर ७९ मिळवा, कारण तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं.

हार घातलेला एकटीचा फोटो असेल तर नीट बघा. खांद्याशी कुणाचा तरी हात कापलेला दिसतो का? पूर्वी पुष्कळ बायकांचा एकटीचा फोटोच नसायचा. ती गेल्यावर एखाद्या लग्नातल्या घोळक्यातून तिचा चेहरा काढून मोठा करायचे. म्हणजे तो मूळ घोळक्याचा फोटो कुठेतरी असू शकतो, बहुतेक तिच्या माहेरी.

विचारायचं कसं?

"ही आत्याच ना?" असं विचारलं की समोरची "हो" म्हणून मोकळी होते. नाव सुचवू नका. फोटो हातात द्या आणि गप्प बसा. बोलू द्या. दोघींना एकत्र न विचारता वेगवेगळं विचारा. दोघींनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहा, कुणी काय सांगितलं तेही लिहा. भांडण लावायचं नाही, आणि घाईने निकालही द्यायचा नाही.

प्रत्येक बाईबद्दल इतकं लिहून घ्या: माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव, कुणाची लेक, कुणाची आई. पुढे ‘नक्की’ किंवा ‘बहुतेक’ असा शेरा. फक्त ‘अमक्याची बायको’ लिहून थांबू नका. त्याची बायको दोनदा झालेली असू शकते.

इथे जपायची गोष्ट येते. जुन्या फोटोतून पहिली बायको निघते, गेलेलं लेकरू निघतं, कुंकवाविना कोपऱ्यात बसलेली सोळा वर्षांची पोर निघते. सांगणारीचा गळा भरून आला तर वही मिटा. पाणी द्या. पुन्हा कधीतरी ती स्वतः सांगेल. आणि तिने विश्वासाने सांगितलेलं तिला विचारल्याशिवाय घरच्या ग्रुपवर टाकू नका. तरुण मुलींचे फोटोही असे बाहेर जाऊ देऊ नका.

लिहायचं आणि ठेवायचं

फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका. त्याची रेघ पुढे उमटते, शाई पसरते. मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने फक्त क्रमांक लिहा. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नसेल तर क्रमांक पाकिटावर टाका. बाकी सगळं वहीत, त्याच क्रमांकापुढे. मोबाइलमधल्या फोटोलाही तोच क्रमांक द्या.

फोटो कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते. रबर, टाचणी, स्टेपल नको. लॅमिनेशन तर नकोच, ते परत उलगडता येत नाही. ट्रंक जमिनीला टेकवून ठेवू नका, वाळवी आणि ओल तिथूनच येते. निगेटिव्ह सापडल्या तर टाकू नका, त्यांवरून आजही फोटो निघतो. नकला तीन जागी हव्यात: मोबाइलमध्ये, पेन ड्राइव्हवर आणि दुसऱ्या गावच्या नातलगाकडे.

हे काम बचत गटाला चांगलं जमण्यासारखं आहे. वीस जणींचा गट म्हणजे वीस माहेरं. एका बैठकीला प्रत्येकीने सासरचा एक फोटो आणावा. मोबाइल चांगला असलेल्या दोघींनी ते टिपावेत, अक्षर चांगलं असलेलीने वही धरावी. गावातल्या म्हाताऱ्या बायांना त्या दिवशी मुद्दाम बोलवा. मग नागपंचमीला, भाऊबीजेला माहेरी जाल तेव्हा तिथल्या ट्रंकेतले फोटो टिपा आणि आत्यासमोर धरा. सासरच्या घरात ज्या बाईला कुणी ओळखत नाही, तिचं नाव तिच्या माहेरच्या गावात कुणाला तरी पाठ असतं.

आणि या कामात आपणही आहोत. आज मोबाइलमध्ये आपले शेकडो फोटो आहेत, पण नाव एकावरही नाही. पन्नास वर्षांनी आपली नातसून ते बघेल. तिच्यासाठी गटाच्या या वर्षीच्या फोटोपासून सुरुवात करा. डावीकडून उजवीकडे, प्रत्येकीचं पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट, वहीत आजच लिहा.