चष्म्यामुळे चिडवतात का? ‘घटक’ शोधण्याआधी थोडं

सिनॉप्सिस लिहायला बसलात की ‘शालेय मुलांमधील दादागिरीवर परिणाम करणारे घटक’ असं शीर्षक पटकन सुचतं. मग यादी होते : घरचं वातावरण, मोबाईल, वर्गाची पटसंख्या, मुलाचं दिसणं. जरा थांबा. यातला प्रत्येक घटक हा अजून तुमचा अंदाज आहे.

चष्म्याचंच घ्या. चौथीत चष्मा लागला आणि मला ‘ढापण्या’ नाव पडलं, त्यामुळे कारणाबद्दल मला कधी शंकाच नव्हती. पण या विषयाचा पाया घालणाऱ्या डॅन ओल्वेउस यांनी १९७०च्या दशकात स्वीडनमधल्या शाळकरी मुलग्यांचा अभ्यास करताना छळ होणाऱ्यांची तुलना छळ न होणाऱ्यांशी केली. चष्मा, जाडेपणा, बोलण्याची वेगळी ढब या बाबतींत दोन गटांत विशेष फरक निघाला नाही. फरक होता अंगातल्या ताकदीचा. ज्याला चिडवतात तो चष्मेवाला आपल्या लक्षात राहतो. त्याच वर्गात चष्मा घालून निवांत डबा खाणारे चार जण आपण मोजतच नाही. तुलना गट लागतो तो यासाठी.

आता गंमत बघा. २००५ साली इंग्लंडमधल्या एव्हन भागातल्या हजारो मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साडेआठ वर्षांच्या आसपासच्या, चष्मा लावणाऱ्या मुलांचा छळ होण्याची शक्यता सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त आढळली! मग चुकलं कोण? कदाचित कुणीच नाही. वय वेगळं, देश वेगळा, मधे तीसेक वर्षं गेलेली, मोजण्याची पद्धतही वेगळी. त्यामुळे ‘चष्मा हा घटक आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या वयात, कुठे आणि कसं मोजल्यावर, हेही लिहावं लागतं.

मोजणं तर आणखी अवघड. ओल्वेउस यांच्या व्याख्येत तीन गोष्टी येतात : त्रास देण्याचा हेतू, वारंवारता आणि ताकदीतली तफावत. ‘महिन्यातून दोन-तीनदा’ ही मर्यादा धरली की एक टक्केवारी येते, ‘एकदा तरी’ धरलं की ती फुगते. त्यात आपला भाषेचा घोळ. प्रश्नावलीत ‘दादागिरी’ लिहिलंत तर मुलांना ढकलाढकली आठवते. वर्गातल्या सगळ्याजणींनी ठरवून एकीशी कट्टी घेतली, तर ती मुलगी ‘नाही’वर खूण करून मोकळी होते. शब्दाऐवजी प्रसंग विचारा.

आणि फक्त त्रास देणारा नि सोसणारा एवढंच मोजू नका. टोरांटोमध्ये मैदानावरचं चित्रीकरण तपासून १९९९ साली मांडलेल्या अभ्यासात भोवतालची मुलं ५४ टक्के वेळ नुसती बघत उभी होती, २१ टक्के वेळ त्रास देणाऱ्याला साथ देत होती; सोसणाऱ्याच्या बाजूने उभं राहण्यात गेला २५ टक्के वेळ. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये ओल्वेउस यांना वर्गाच्या आकाराचा संबंध दिसला नाही, पण मधल्या सुट्टीत लक्ष ठेवणारे शिक्षक जिथे जास्त, तिथे छळ कमी दिसला. नुसत्या सहसंबंधाला कारण म्हणता येत नाही, हे इथेही लागू आहेच.

तरी यादीत काय घालता यावर बरंच ठरतं. फक्त मुलाचे गुणधर्म घातलेत, तर निष्कर्षात मुलालाच बदलायला सांगाल. म्हणून पायलटमध्ये निदान तीन प्रश्न घाला : हे कुठे घडलं, तेव्हा आजूबाजूला कोण होतं, आणि त्यांनी काय केलं?