पुरळ कातडीवर, मूळ आतड्यात

"डॉक्टर, हिची खरूज काही केल्या जाईना," असे म्हणत एक आजी आठ वर्षांच्या नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलीच्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि कुल्ल्यांवर बारीक फोडांचे पुंजके होते. रात्र रात्र झोप नाही. याआधी मीच तिला दोनदा खरजेचे मलम दिले होते. पण घरात दुसऱ्या कोणालाच खाज नव्हती आणि फोड दोन्ही बाजूंना अगदी सारखे होते. विचारल्यावर कळले, की मुलीचे पोट नेहमी फुगते, वजनही वाढत नाही. माझी चूक माझ्या ध्यानात आली.

या विकाराला 'डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस' म्हणतात. अमेरिकेतील डॉ. लुई ड्युरिंग यांनी १८८४ मध्ये त्याचे वर्णन केले. नागिणीशी त्याचा संबंध नाही आणि तो एकापासून दुसऱ्याला होत नाही. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. सेलियाक आजार असलेल्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती या प्रथिनावर उठते आणि त्यात आतड्याचे अस्तर खराब होते. काहींच्या कातडीतही प्रतिद्रव्ये साठतात आणि फोड येतात. म्हणजे पुरळ कातडीवर दिसले, तरी मूळ आतड्यात असते.

निदानासाठी रक्ताची तपासणी करतात आणि फोडाशेजारच्या कातडीचा लहानसा तुकडा तपासतात. या तपासण्या होईपर्यंत मुलाचा गहू बंद करू नये. आधीच बंद केल्यास आजार असूनही तपासणीत तो सापडत नाही.

आमच्या रुग्णाला त्वचारोगतज्ज्ञांनी डॅप्सोन ही गोळी दिली. दोन दिवसांनी मुलीचे वडील घाबरून आले. "डॉक्टर, ही तर महारोगाची गोळी आहे म्हणतात!" मी त्यांना समजावले, की ही गोळी कुष्ठरोगात वापरतात हे खरे, पण या खाजेवरही तीच गुणकारी आहे. मुलीला कुष्ठरोग झालेला नाही. या गोळीने काही दिवसांतच खाज कमी होते. मात्र काहींच्या रक्तातील तांबड्या पेशी तिच्यामुळे फुटतात. म्हणून सुरू करण्यापूर्वी 'जी सिक्स पीडी' ही तपासणी आणि पुढे वेळोवेळी रक्ततपासणी आवश्यक असते. मनाने गोळी घेऊ नये. शिवाय ती आतडे बरे करत नाही. त्याला पथ्य हाच उपाय, आणि तोही जन्मभराचा.

पथ्य म्हणजे उपासमार नव्हे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा, सर्व डाळी, भाज्या, दूध, फळे हे सारे चालते. पोळी, रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किटे, टोस्ट, सातूचे पीठ हे बंद. छुपा गहूही ओळखावा. बाजारातील खड्याच्या वा पुडीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ वा मैदा मिसळलेला असतो. मेतकूट आणि थालीपिठाच्या भाजणीतही गहू असू शकतो.

या मुलीच्या घरी भाकरी सुरू झाली, तरी तीन महिन्यांनी फोड पुन्हा वाढले. आजी म्हणाल्या, "घरात गव्हाचा कणही नाही हो." मी विचारले, "ज्वारी कुठे दळता?" उत्तर आले, "गिरणीत." तिथे आधी गहू दळलेला असतो, आणि त्याचे पीठ जात्यात उरते. त्यानंतर घरातले जुने जाते निघाले. त्यावर ज्वारीशिवाय काही दळायचे नाही असा आजींनीच दंडक घातला. मुलीसाठी पोळपाट, लाटणे आणि तवा वेगळे ठेवले. शाळेतील बाईंनाही सांगून ठेवले, की वाढदिवसाचा केक किंवा शिऱ्याचा प्रसाद थोडासाही देऊ नये.

पालकांनी धीर धरावा. पोटाच्या तक्रारी लवकर कमी होतात, पण कातडीला कित्येक महिने, कधी दोन वर्षेही लागतात. या मुलीची गोळी तज्ज्ञांनी हळूहळू कमी करत दीड वर्षाने थांबवली. आता ती रात्रभर शांत झोपते. मलमाने न जाणारी, दोन्ही बाजूंना सारखीच उठणारी खाज मुलाला असेल, तर त्याच्या पोटाचीही चौकशी करावी. हे आम्हा डॉक्टरांनीही विसरू नये.