चोचीतला मासा

उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळी विष्णुपुरीच्या जलाशयाकाठी जाऊन बसावे. समोर गोदावरीचे अडवलेले पाणी पसरलेले असते आणि काळी टोपी घातलेला नदी-सुरय त्यावरून येरझारा घालीत असतो. मध्येच सूर मारतो, मासा उचलतो. कधी तो तिथल्या तिथे गिळतो, तर कधी चोचीत धरून सरळ एका दिशेने निघून जातो. काठावरचा माणूस हे पाहतो आणि विसरतो. परंतु चोचीत मासा आहे की नाही, एवढ्याशा गोष्टीवर एकदा पॅसिफिक महासागरात एका शिडाच्या नौकेची दिशा ठरली होती!

पॅसिफिकमधली प्रवाळबेटे फार ठेंगणी. डोंगर नाही, टेकडी नाही. वाळूचा पट्टा आणि त्यावर माड. होडीत उभ्या राहिलेल्या माणसाला क्षितिज जेमतेम पाच-साडेपाच किलोमीटरवर असते. उंच माडांचे शेंडेदेखील दहा-बारा मैलांच्या आत आल्यावाचून दिसायचे नाहीत. थोडी दिशा चुकली, की बेट बाजूने निघून जाते आणि खलाशाला त्याची वार्ताही लागत नाही.

मग त्या बेटांवर माणसे पोचली कशी? वाऱ्याने भरकटत, योगायोगाने, असे काही विद्वान म्हणत. न्यूझीलंडच्या अँड्र्यू शार्प यांनी 1956 साली हेच मत पुस्तक लिहून मांडले. हवाईच्या लोकांना ते झोंबले. आपले पूर्वज काय ओंडक्यासारखे वाहत आले? त्यांनी जुन्या धर्तीची जोडनौका बांधली आणि तिला नाव दिले ‘होकुलेआ’. होकुलेआ म्हणजे आपला स्वाती तारा. तो हवाई बेटांच्या जवळजवळ माथ्यावरून जातो.

पण होकायंत्रावाचून ही नौका नेणारा हवाईत कोणी उरला नव्हता. तेव्हा मायक्रोनेशियातील सातावाल या चिमुकल्या बेटावरून माऊ पियाइलुग यांना बोलावण्यात आले. ही विद्या त्यांना आजोबांनी लहानपणापासून शिकवलेली. 1976 च्या मे महिन्यात नौका निघाली. तारे, वारा आणि लाटांची ठेवण एवढ्यावर भरवसा ठेवून, महिनाभराच्या प्रवासानंतर तिला मताइवा हे प्रवाळबेट दिसले. जूनच्या आरंभी ती ताहितीला लागली तेव्हा किनाऱ्यावर हजारोंची गर्दी लोटली होती.

खरी गंमत पुढेच आहे. 1980 साली नौका पुन्हा निघाली. या खेपेस वाट काढणारा होता हवाईचा तरुण नायनोआ थॉम्प्सन. माऊ बरोबर होते, पण गप्प बसून. बेटे जवळ आल्याची खूण म्हणजे पांढरे सुरय. ते सकाळी मासेमारीला समुद्रावर जातात आणि सांजेला बेटावर परततात. म्हणून सकाळी पक्षी जिकडून येतो तिकडे जमीन, असा ठोकताळा. एका सकाळी असा पक्षी दिसला. नायनोआने ठोकताळ्याप्रमाणे नौका हाकारली. तेव्हा कधी न बोलणारे माऊ उठले आणि त्यांनी नौका उलट फिरवायला, पक्ष्याच्या मागे जायला सांगितले. सारे चकित! पण सुमारे तासाभराने बेट दिसले. गुरूने नंतर उलगडा केला : पक्ष्याच्या चोचीत मासा होता. दिवस विणीचे. घरट्यात पिले होती. तो त्यांना घास घेऊन चालला होता. शिष्याला नियम ठाऊक होता. गुरूला पक्षी ठाऊक होता.

आपल्याकडचे दर्यावर्दीही या महासागराला अपरिचित नाहीत. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची कल्पना, गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली 56 फुटी ‘म्हादेई’, आणि सुकाणूवर एकटे कमांडर दिलीप दोंदे. ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून निघालेले दोंदे न्यूझीलंडवरून दक्षिण पॅसिफिक ओलांडून 26 जानेवारी 2010 रोजी केप हॉर्नला वळसा घालून गेले. पुढचा मुक्काम फॉकलंड बेटांवरचे पोर्ट स्टॅन्ली. मे महिन्यात ते मुंबईस परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. पुढे ‘तारिणी’वरून सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनीही हाच पल्ला गाठला. 2017 च्या डिसेंबरात न्यूझीलंड सोडल्यावर सुमारे चाळीस दिवसांनी त्या स्टॅन्लीला पोचल्या. वाटेत भोवती पाण्यावाचून काही नव्हते.

या नौकांवर उपग्रहाचे यंत्र होते. यंत्र आपण कोठे आहोत हे बिनचूक सांगते. परंतु वादळात शीड केव्हा उतरवायचे, आलेली लाट कशी घ्यायची, हे अजूनही माणसालाच पाहावे लागते.

आता विष्णुपुरीच्या काठी सुरय मासा घेऊन निघाला, की मी त्याच्या रोखाने बघत राहतो. गोदेच्या पात्रात कुठेतरी वाळूचा उंचवटा असेल, आणि त्यावर उघड्या चोचींनी कोणी त्याची वाट पाहत असेल.