निराधारचा पगार: अर्जापासून खात्यापर्यंत

"अर्ज टाकलाय, पगार कधी चालू होईल?" मुरुडसारख्या गावात हा प्रश्न तलाठ्याला विचारला जातो, सरपंचाला विचारला जातो आणि सेतू केंद्रात फॉर्म भरणाऱ्या पोरालाही. पगार म्हणजे नोकरीचा नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे किंवा श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1,500 रुपये. सरकारी कागदावर ते 'विशेष सहाय्य', लोकांच्या तोंडी 'निराधारचा पगार'. उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं, "होईल, वर गेलंय." हे 'वर' म्हणजे नेमकं कुठं आणि तिथं कागद काय करत बसतो, ते जरा सावकाश पाहू.

मुरुड हे लातूर तालुक्यातलं, लातूर–बार्शी रस्त्यावरचं मोठं गाव. संजय गांधी योजना 1980 सालची. तेव्हा मुरुड उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, कारण लातूर जिल्हा झाला तो 16 ऑगस्ट 1982 रोजी. म्हणजे योजना जिल्ह्यापेक्षा वयानं मोठी. 65 वर्षांखालच्या निराधार विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण, अनाथ मुलं यांच्यासाठी ती आहे. 65 पूर्ण झाले की श्रावणबाळ. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवं, दिव्यांगांसाठी 50,000 च्या आत, आणि महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य हवं. 2019 मध्ये रक्कम 600 वरून 1,000 झाली, जुलै 2023 पासून 1,500 आणि दिव्यांगांसाठी ऑक्टोबर 2025 पासून 2,500.

आता एक उदाहरण धरू. बाई 42 वर्षांची, नवरा ऊसतोडीला गेला असताना तिकडंच वारला, पदरात दोन लेकरं. तिच्या अर्जाला किती दिवस लागतील?

पहिली रांग: दाखले

सगळ्यात आधी मृत्यूचा दाखला. इथंच पहिली अडचण. मृत्यूची नोंद माणूस जिथं वारला तिथं होते, तो जिथला राहणारा तिथं नाही. फडावर, दुसऱ्या जिल्ह्यात किंवा कर्नाटकात मरण आलं असेल तर दाखला तिथल्या ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून आणावा लागतो. मुरुडची ग्रामपंचायत तो देऊच शकत नाही. नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दुःखात आणि धावपळीत नोंद राहून गेली की पुढचे कित्येक महिने तिथंच जातात, आणि बाई मात्र समजत असते की उशीर तहसीलमध्ये होतोय.

मग उत्पन्नाचा दाखला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली त्याला 15 दिवसांची मुदत आहे. अर्ज सेतू केंद्रात किंवा आपले सरकार सेवा केंद्रात होतो, त्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो. तलाठ्याचं पदनाम 2024 मध्ये 'ग्राम महसूल अधिकारी' झालं. गावात अजून तलाठीच म्हणतात.

खरी ओढाताण या 21,000 च्या आकड्यावर होते. हिशेब करून पाहा. 2025–26 मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. त्या दरानं वर्षात 68 दिवस कामावर गेलं की 21,216 होतात, म्हणजे मर्यादा ओलांडली. तेव्हाचा रोजगार हमी कायदा 100 दिवसांची हमी देत होता आणि निराधार योजना 68 व्या दिवशी दार लावत होती. खुरपायला, सोयाबीन काढायला जाणारी बाई या आकड्यात कशी बसवायची, हा पेच अहवाल लिहिणाऱ्यापुढं रोज असतो. काही जण अडून बसतात, काही जण डोळेझाक करतात. दोन्हीचा परिणाम एकच, की नियमापेक्षा टेबलावरच्या माणसाला महत्त्व येतं.

वृद्धांची अडचण वेगळी. अनेकांच्या आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी आहे, कारण नोंदणीवेळी खरी तारीख कुणालाच ठाऊक नव्हती; अंदाजानं वर्ष टाकलं गेलं. त्या अंदाजात वय तीन-चार वर्षांनी कमी लागलं तर तेवढी वर्षं पगार नाही. शाळेचा दाखला नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. ग्रामीण रुग्णालय मुरुडातच आहे.

दुसरी रांग: छाननी

अर्ज तहसीलच्या संजय गांधी योजना शाखेत जातो. कर्मचारी तिला 'संगांयो शाखा' म्हणतात. अर्जाला आवक क्रमांक पडतो, कागद मोजले जातात, नावं ताडली जातात. आधारवर एक नाव, रेशन कार्डावर दुसरं, मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव तिसऱ्याच पद्धतीनं लिहिलेलं, असं आढळलं की अर्ज 'त्रुटीत' निघतो. त्रुटी ही नामंजुरी नाही. पण त्रुटीची खबर अर्जदारापर्यंत पोचायला हवी. फॉर्मवरचा मोबाइल नंबर भाच्याचा असेल आणि भाचा पुण्याला असेल, तर अर्ज फाइलीत पडून राहतो आणि बाई घरी वाट बघत राहते. कुणाचीही चूक नसताना दोन महिने जातात, ते असे.

तिसरी रांग: समिती

सगळ्यात लांब थांबा इथला. मंजुरी एकटा अधिकारी देत नाही. तालुक्याला एक समिती असते. तिचा अध्यक्ष अशासकीय, पालकमंत्र्यांच्या शिफारशीनं नेमलेला, आणि तहसीलदार सदस्य सचिव. छाननी झालेले अर्ज साठत जातात आणि समितीची बैठक भरली की यादी एकदम मंजूर होते. बैठक काल झाली आणि तुमचा अर्ज आज पूर्ण झाला, तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबायचं. एसटीसारखंच आहे. गाडी सुटून गेली की तुम्ही धावत आलात की चालत, फरक पडत नाही.

सरकार बदललं, पालकमंत्री बदलले की समित्या बदलतात. नवी समिती होईपर्यंत काम शासकीय अधिकाऱ्यांकडं येतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत नव्या मंजुऱ्या थांबतात. 2024 सालीच लोकसभेची आणि विधानसभेची अशा दोन आचारसंहिता होऊन गेल्या. शेजारणीचा पगार तीन महिन्यांत आणि आपला वर्षानं, याचं कारण पुष्कळदा वशिला नसून तारीख असते. वशिला नसतोच असं मात्र म्हणता येणार नाही. यादी राजकीय नेमणुकीच्या हाताखालून जाते, तिथं ओळखीचं वजन पडणारच.

आणि अनुदान सुरू होतं मंजुरीपासून, अर्जाच्या तारखेपासून नाही. समितीसाठी थांबलेले सहा महिने म्हणजे 9,000 रुपये, आणि ते मागाहून मिळत नाहीत. त्यामुळं उशीर म्हणजे नुसती वाट पाहणं नाही, रोकडीत झालेलं नुकसान आहे.

चौथी रांग: बँक

मंजुरीचं पत्र हातात आलं तरी पैसे यायचेच असतात. पूर्वी अनुदान तहसीलमार्फत बँकेत जायचं. डिसेंबर 2024 पासून ते थेट लाभ हस्तांतरणानं, म्हणजे डीबीटीनं, मुंबईतून सरळ खात्यात येऊ लागलं. मधला एक टप्पा गेला. त्याबरोबर एक नवी गुंतागुंत आली. पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात येतात असं नाही, तर आधार क्रमांक शेवटी ज्या बँकेशी जोडला गेला त्या खात्यात जातात. बचत गटाच्या कर्जासाठी, गॅसच्या सबसिडीसाठी, कुठल्याशा कॅम्पमध्ये उघडलेलं खातं बाई विसरून गेलेली असते. ती जिल्हा मध्यवर्ती बँकेत चकरा मारते आणि पैसे दुसऱ्याच बँकेत पडून असतात. बँकेत गेल्यावर "पैसे आले का?" एवढंच विचारू नये. "माझं आधार कोणत्या बँकेला जोडलंय?" असंही विचारावं.

मग लाडक्या बहिणीला दीड महिना कसा?

हा प्रश्न कुणीही विचारील, आणि विचारायलाच हवा. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज 1 जुलै 2024 पासून सुरू झाले आणि 14 ऑगस्टपासून दोन महिन्यांचे 3,000 रुपये खात्यांत पडू लागले. रक्कम तीच, महिन्याला 1,500. उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख, आणि पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाच नको. अर्ज मोबाइलवरून, बाकी हमीपत्रावर.

म्हणजे तेच सरकार, तेच तालुके, त्याच बँका, आणि काम दीड महिन्यात. फरक रचनेचा आहे. निराधार योजना आधी तपासते आणि मग देते; लाडक्या बहिणीत आधी दिलं आणि मग तपासलं. त्याचीही किंमत मोजावी लागली: जून 2025 पासून 26 लाखांहून अधिक खात्यांचा लाभ थांबवल्याचं महिला व बालविकास मंत्र्यांनीच जाहीर केलं. तपासणी नको असं यातून निघत नाही. पण अडीच लाखांच्या उत्पन्नाला शब्दावर विश्वास आणि 21,000 च्या उत्पन्नाला चार रांगा, हा न्याय उलटा आहे. जिच्याकडं कागद जमवायला माणूसबळ नाही, नेमके तिलाच जास्तीत जास्त कागद मागितले जातात.

हातात काय आहे

रचना बदलेल तेव्हा बदलेल. तोवर अर्जदारानं आणि त्याच्या घरच्यांनी चार गोष्टी कराव्यात. आधार, रेशन कार्ड आणि पासबुक यांवरचं नाव अर्जाआधीच एक करून घ्यावं. मोबाइल नंबर गावात राहणाऱ्या माणसाचा द्यावा. दाखल्याला मुदतीपेक्षा उशीर झाला तर लोकसेवा हक्क कायद्याखाली 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. दोष सिद्ध झाल्यास अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. आणि अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे, पुढची बैठक कधी आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे, शुल्क 10 रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही माफ.

या सगळ्याला आधार एकाच कागदाचा लागतो: शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच. ती नसेल तर तुम्ही अर्ज केलाच होता, हे कुणी मान्य करीत नाही. तहसीलमधून परतताना घाईनं एसटी गाठण्याआधी एवढं करा. पोच मागा, तारीख वाचून घ्या आणि ती रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा.