फ्लाइट लेट? सही बाकी आहे, बॉस!

‘तांत्रिक कारणास्तव विमानाला विलंब होत आहे...’ ही अनाउन्समेंट झाली की गेटवरच्या तमाम मंडळींचे मोबाइल एकदम बाहेर येतात. क्लायंटला मेसेज, बॉसला मेसेज, घरी मेसेज. पण हे ‘तांत्रिक कारण’ असतं तरी काय? चला, इंजिनात डोकावू या.

ओढा, दाबा, पेटवा, फेका
जेट इंजिनाचं काम एवढंच! टर्मिनलच्या काचेतून दिसतो तो पुढचा भलामोठा फॅन. ए-३२० किंवा बोइंग ७३७ला पुढे ढकलण्याचं बरंचसं काम तोच करतो. त्याने ओढलेली थोडी हवा आत जाते. कॉम्प्रेसर ती दाबतो, कम्बस्टरमध्ये इंधन जळतं आणि तापलेल्या वायूच्या जोरावर टर्बाइन फिरते. फॅन आणि कॉम्प्रेसरला फिरवते तीही हीच टर्बाइन.

गंमत म्हणजे, टर्बाइनच्या पहिल्या रांगेतल्या पात्यांवर येणारा वायू इतका गरम असतो, की पात्यांचा धातूच वितळावा! तरी ती टिकतात. कारण पाती आतून पोकळ असतात. कॉम्प्रेसरकडची त्या मानाने थंड हवा त्यांच्यात खेळवलेली असते आणि बारीक भोकांतून बाहेर येऊन ती पात्यावर पांघरूण घालते. भोकं बुजली, की पातं भाजलंच म्हणून समजा.

इंजिनाची एन्डोस्कोपी
हे सगळं बघायला दर वेळी इंजिन खोलत नाहीत. ठरलेल्या छिद्रातून कॅमेऱ्याची बारीक नळी आत सोडतात आणि एकेक पातं स्क्रीनवर न्याहाळतात. हिचं नाव बोअरस्कोप. ओरखडा सापडला, की तो मोजायचा, मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघायचा. मर्यादेत असेल तर उड्डाण, नाहीतर विमान जमिनीवर.

गेटवरची डिक्शनरी
*सायकल:* एक टेकऑफ आणि एक लँडिंग. इंजिनातल्या डिस्कचं आयुष्य यात मोजतात. कोटा संपला, की डिस्क वरून चकाचक दिसली तरी बाद!
*एफओडी:* बाहेरच्या वस्तूने झालेलं नुकसान. पक्षी, रनवेवरचा खडा किंवा कुणाचा तरी विसरलेला पाना.
*एमईएल:* काय बंद असताना उडता येईल आणि किती दिवस, याची यादी.
*एओजी:* एअरक्राफ्ट ऑन ग्राउंड. पार्टच्या ऑर्डरवर ही अक्षरं दिसली, की बाकीची कामं बाजूला!

एक तडा, ११२ जीव
१९ जुलै १९८९. डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेडच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची फॅन डिस्क हवेतच फुटली. तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान सू सिटीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले, ११२ गेले. डिस्कच्या टायटॅनियममध्ये ती बनतानाच दोष राहिला होता आणि तिथूनच तडा वाढत गेला. चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. देखभालीच्या वेळी डिस्क तपासली गेली होती, पण तडा नजरेतून सुटला.

शेवटी एक सही
हे जग आपल्यापासून लांब नाही. चाकणला जीईच्या कारखान्यात इंजिनाचे पार्ट बनतात. नागपूरला मिहानमध्ये मोठाल्या विमानांची देखभाल होते. आणि काम कुठेही होवो, दुरुस्ती झाली की लायसन्सधारक इंजिनीअरने सर्टिफिकेट ऑफ रिलीज टू सर्व्हिसवर सही केल्याशिवाय विमान उडत नाही.

आपण ऑफिसात ‘अटॅचमेंट पाहिली, ओके’ लिहून मोकळे होतो. पुढे चूक निघालीच, तर ‘रिव्हाइज्ड’ फाइल पाठवतो. हॅंगरमधल्या माणसाला ही सोय नाही. रात्री तीन वाजता, वरून घाई असताना, ‘पुन्हा बघतो’ म्हणणं हाही त्याच्या नोकरीचाच भाग. तेवढ्यासाठी एखादी मीटिंग हुकली, तर हुकू दे की!