अपंगांच्या वाहनाची जागा : हक्क माणसाचा की गाडीचा?

अपंग चालकासाठी वाहनतळावर राखून ठेवलेली जागा ही वरवर पाहता रंगाच्या चार रेघांची बाब होय. परंतु त्या रेघांच्या आत गाडी उभी करण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न उपस्थित होताच सारा भार कायद्यातील शब्दांवर येऊन पडतो.

भारतातील १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ अशी एक संज्ञा होती. १९३९ च्या कायद्यातून ती पुढे आली होती आणि तिचे मूळ कुळ ब्रिटिश. शारीरिक व्यंग असलेल्या व्यक्तीसाठी खास रचलेले व बांधलेले, केवळ फेरफार करून घेतलेले नव्हे, असे वाहन म्हणजे ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ अशी तिची व्याख्या होती. यातील ‘केवळ फेरफार करून घेतलेले नव्हे’ हे शब्द लहान दिसतात. पण बाजारात मिळणारी साधी मोटार घेऊन तिच्या ब्रेकला व क्लचला हाताने चालवावयाचा दांडा बसवून घेणारा माणूस त्या शब्दांनी व्याख्येबाहेर पडत असे. वस्तुतः भारतात पोलिओग्रस्त चालकांना परवडणारा मार्ग बहुधा हाच. २०१९ च्या दुरुस्तीने ही जुनी संज्ञा वगळली आणि खास बांधलेले अथवा फेरफार केलेले अशा दोन्ही वाहनांना सामावणारी नवी व्याख्या दिली. मात्र वाहन ‘केवळ त्या व्यक्तीकडून अथवा तिच्यासाठी’ वापरलेले असावे, ही अट तशीच राहिली. ज्या घरात एकच गाडी आहे आणि तीच मुलांना शाळेत सोडावयासही जाते, त्या घराने ‘केवळ’ या शब्दाचा अर्थ काय समजावा?

ब्रिटनने याच बाबतीत निराळा मार्ग धरला. खासदार आल्फ मॉरिस यांच्या विधेयकातून १९७० साली दीर्घकालीन रुग्ण व अपंग व्यक्तींसंबंधीचा कायदा झाला. त्याच्या २१ व्या कलमान्वये १९७१ पासून नारिंगी बिल्ला देण्यात येऊ लागला. २००० साली तो निळा झाला. हा बिल्ला वाहनाचा नसून व्यक्तीचा आहे. ती व्यक्ती शेजाऱ्याच्या गाडीतून जावो की टॅक्सीतून, बिल्ला तिच्याबरोबर जातो. तिला स्वतःला गाडी चालविता येण्याचीही आवश्यकता नाही. इंग्लंडमध्ये माल चढविण्या-उतरविण्यास बंदी नसेल तेथे पिवळ्या रेघेवर तीन तासांपर्यंत गाडी ठेवता येते. पोहोचल्याची वेळ दर्शविणारी पुठ्ठ्याची घडी मात्र काचेपाशी ठेवावी लागते. लंडनच्या मध्यभागातील काही विभागांत ही योजना पूर्णपणे लागू नाही. व्यक्तीशी जोडलेल्या हक्काची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे : बिल्लाधारक घरी आणि बिल्ला बाजारात, असे झाल्यास तो गैरवापर ठरतो व एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. ३० ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या व्यंगांसाठीही हा बिल्ला मिळू लागला. त्यामुळे गाडीतून ‘धडधाकट’ दिसणारा माणूस उतरताना पाहून संशय घेणाऱ्यांची पंचाईत झाली, हे बरेच झाले.

जागेच्या निकटतेपेक्षा तिची रुंदी अधिक महत्त्वाची, हे पुष्कळदा विसरले जाते. चाकांच्या खुर्चीवरील व्यक्तीस दार पूर्ण उघडून बाजूने उतरावे लागते. म्हणूनच भारतीय मार्गदर्शक तत्त्वांत ३.६ मीटर रुंदी सांगितली आहे. शेजारी दुसरी मोटार खेटून लागली, तर उतरून गेलेल्या चालकास परतल्यावर स्वतःच्याच गाडीत बसता येत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४१ व्या कलमात बसथांबे, रेल्वे स्थानके व विमानतळ यांच्या संदर्भात वाहनतळाचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु नियमांनी आधार घेतलेली मानके प्रायः शिफारसवजा राहिली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांतील १५ व्या नियमाचा संबंधित भाग याच कारणास्तव मूळ कायद्याशी विसंगत ठरविला आणि अपरिहार्य मानके निराळी काढून बंधनकारक करण्याचा आदेश दिला.

मराठीत हा भेद अधिकच नाजूक आहे. ‘जागा राखून ठेवावी’ या वाक्यातील विध्यर्थ कर्तव्यही दाखवितो आणि इच्छाही. आज्ञा, विनंती व सल्ला हे तिन्ही त्या एका ‘-वी’मध्ये मावतात. ‘ठेवलीच पाहिजे’ असे म्हटल्याशिवाय बंधन निःसंदिग्ध होत नाही. फलकावरील ‘अपंगांसाठी राखीव’ या शब्दांत तर क्रियापदच नाही. अपंगाचा विकलांग आणि विकलांगाचा दिव्यांग झाला, फलक त्याप्रमाणे पुन्हा रंगविले गेले. तेथे दुसऱ्याने गाडी लावल्यास ती कोण हलविणार, हे मात्र त्यावर लिहिलेले आढळत नाही.